नकली चाक फोडायचं असतं

माझा दादा कुणाशी भांडत नाही, म्हणून गल्लीत सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. देवमाणूस कसला डोंबलाचा! मी त्याची सख्खी धाकटी बहीण, एका घरात वाढले, एका शेडमध्ये त्याच्यासोबत काम करते, मला विचारा. दादाच्या पोटात एक गोष्ट कित्येक वर्षं होती, आणि ती त्यानं ना गिळली ना थुंकली. त्याच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी उस्तादाच्या दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. अर्धा केलाही होता. उरलेल्याच्या आधी आईनं दंडाला धरून घरी आणलं.

आमची शेड रंगवाला आणि सीटवाला यांच्या मधोमध आहे. दादा जुन्या गाड्यांची अलॉय चाकं ओळखतो, दुरुस्त करतो आणि बसवतो. मी चाकांना पॉलिश करते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, म्हणजे दादा जेवढं बोलत नाही तेवढं सगळं मी बोलते. तो मला ठिणगी म्हणतो. बरोबरच म्हणतो.

जुनी गाडी कितीही चकाचक असू दे, तिच्या पायात तिची स्वतःची चाकं नसतील तर जाणकार माणूस तिच्याकडे बघून नाक मुरडतो. आणि नकली चाकांचा तर सुळसुळाट. पुढून बघाल तर तुम्ही काय, मीसुद्धा फसेन. म्हणून दादा चाक हातात आलं की आधी पालथं घालतो. पाठीमागे, स्पोकच्या पोटात, ओतकामाचा नंबर असतो, ओतल्याचा महिना आणि वर्ष असतं. ओरिजिनल संचात या तारखा बहुतेक वेळा पुढेमागे असतात, कारण एका गाडीला जायची चाकं काही एकाच दिवशी ओतत नाहीत. नकली करणारा काय करतो, एक ओरिजिनल चाक घेतो, त्याचा साचा काढतो आणि त्याच साच्यात चारी चाकं ओततो. मग चारींवर तारीख एकच. शिवाय धातू गार होताना आकसतो, त्यामुळे नकली चाक केसभर लहान निघतं, अक्षरं झिजल्यासारखी दिसतात, आणि मधलं भोक गाडीच्या आसाच्या टोकावर, हबवर, बसेना म्हणून कुणीतरी ते कानशीनं घासलेलं असतं. दादा डोळे मिटून, नुसता अंगठा फिरवून सांगतो.

हे सगळं त्याला शिकवलं उस्तादानं. गावातल्या सगळ्यांत मोठ्या गॅरेजचा तो मालक. दादा त्याला अजूनही अहोजाहो करतो, मी करत नाही. पण खोटं कशाला बोलू, हात त्याचा सोन्याचा होता. दादा विशीत त्याच्याकडे कामाला लागला तेव्हा चाक बसवून झालं की उस्ताद हात पाठीमागे बांधून मागे उभा राहायचा आणि एकच शब्द बोलायचा, "परत." का, कशासाठी, काही सांगायचा नाही. दादानं सगळे नट सोडवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायचे. रात्री जेवताना दादाची बोटं घास धरायला वळायची नाहीत, तरी हा म्हणायचा, "शिकवतायत गं ते मला."

त्या गॅरेजचा एक नियम होता. नकली चाक सापडलं की विकायचं नाही, ठेवायचं नाही, फोडायचं. गाडीच्या मालकाची परवानगी घ्यायची, चाक अंगणात ठेवायचं आणि घण घालायचा, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या गाडीखाली जाऊन कुणाचा जीव घेणार नाही. उस्ताद एका घावात स्पोक तोडायचा. बघायला लोक जमायचे.

त्या गॅरेजात एका बाईंची गाडी यायची. फिकट निळी, दोन दारांची, बाईंच्या नवऱ्याची. नवरा गेला आणि बाईंनी ती गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली. एकदा तिचं एक चाक फुटपाथला घासून काठाचा टवका उडाला. उस्तादानं ते काम दादाला दिलं. दादानं टवका वेल्डिंगनं भरला, घासून गोल केला, आणि असं चाक तयार केलं की बाकीची तीन त्याच्यापुढे कळकट दिसायला लागली. फक्त शेवटी शेवटी ग्राइंडर हातातून निसटला आणि चाकाच्या पाठीमागे, नंबराच्या शेजारी, नखाएवढी खाच पडली. त्या दिवशी स्वयंपाकघरात भाकरी मोडता मोडता त्यानं मला हे सांगितलं.

"उस्तादाला सांगितलंस?" मी विचारलं.

"पाठीमागे आहे. कोण बघतंय?"

"त्यानं बघितली तर तुला दहा वेळा परत म्हणेल," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

पुढं गाडी रंगाच्या कामासाठी गॅरेजातच राहिली. काम झाल्यावर बाई ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात घेऊन गेल्या. तिथल्या तपासनिसानं गाडीखाली मान घातली आणि चारचौघांत सांगितलं, बाई, चाकं नकली आहेत. बाई तशाच तडक गॅरेजात आल्या. त्यांचा आवाज ऐकून सगळे हातातली कामं टाकून जमले. उस्तादानं एकदा चाकांकडे बघितलं, एकदा बाईंकडे बघितलं, आणि बोट दादाकडे केलं. "चाकांना शेवटचा हात याचा," तो म्हणाला. बस्स. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वर नियम म्हणजे नियम म्हणून घणही घेऊन आला, आत्ताच फोडतो ही नकली. बाईंनी त्याला अडवलं. "गाडी काय विटांवर उभी करू? माझ्या नवऱ्याची गाडी आहे ती," असं म्हणून त्या गाडी घेऊन गेल्या. ती त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. दादाला कुणी त्या चाकांजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही.

बाईंनी पोलिसांत दिलं नाही, म्हणजे उपकारच केले, असं लोक म्हणाले. वा रे उपकार! दादाची नोकरी गेली, त्यानं स्वतःची शेड टाकली, पण नाव पडलं ते चाकचोर. आमची आई किराणा आणायला गेली की दुकानदार हळूच पुढ्यातल्या बरण्या आत सरकवायचा. मग आईनं बाहेर जाणंच सोडलं. आणि जाताना, अगदी शेवटच्या दुखण्यात, तिनं दादाचा हात धरून विचारलं, "खरं सांग रे, नाही ना घेतलीस तू?" दादा म्हणाला, "नाही, आई." तिनं मान हलवली. तिला पटलं की नाही, ते आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. उस्तादानं आमचं काय काय नेलं ते कुणी विचारलं तर मी हेच सांगते. माझ्या आईला तो प्रश्न विचारायला लावला मेल्यानं.

तेव्हापासून मी देव पाण्यात घालून बसले होते. आणि एके दिवशी भर सकाळी गावात नवखा दिसणारा एक तरुण माणूस आमच्या शेडसमोर लाल गाडी घेऊन उभा राहिला. तीच जात, दोन दारांची. मागच्या सीटवर जुन्या ब्लँकेटांत गुंडाळलेली चार चाकं.

"सासऱ्यांनी दिलीत," तो कौतुकानं म्हणाला. "तरुणपणी घेऊन ठेवलेली, खोक्यातली. रस्तासुद्धा बघितला नाही यांनी. प्रदर्शनात गाडी लावायचीय, तपासून बसवून द्या."

सासरे कोण ते विचारायची गरजच पडली नाही. त्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं. उस्तादाचा जावई! मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"मग त्यांच्याकडेच नाही का बसवायची?" मी विचारलं.

"ते म्हणाले तपासायचं काही कारण नाही, मीच लावून देतो. पण प्रदर्शनाची गोष्ट आहे, तिऱ्हाइतानं बघितलेली बरी."

दादानं पहिलं चाक पालथं घातलं. अंगठा फिरवला. दुसरं घातलं. तारखा वेगवेगळ्या, अक्षरं धारदार. तिसऱ्या चाकावर त्याचा अंगठा थांबला. थांबला तो हलेचना. मग तो अगदी सहज, मीठ दे म्हटल्यासारखं म्हणाला, "ठिणगे, जरा इकडे ये." माझं बोट धरून त्यानं नंबराच्या शेजारी ठेवलं. खाच होती. म्हणे खोक्यातली, म्हणे रस्ता न बघितलेली!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार एवढ्यात दादा जावयाला म्हणाला, "ओरिजिनल आहेत. ठेवून जा. नट वेगळे लागतील." आणि शांतपणे समजावून सांगायला लागला, की या चाकांना लांब मानेचा नट लागतो, खाली वॉशर लागतो. लोखंडी चाकाचा निमुळता नट लावला तर तो आधी घट्ट वाटतो, पण चालत्या गाडीत हळूहळू सैल होतो आणि चाक निखळतं. जावई मान डोलवत निघून गेला.

"निमुळतेच लाव," मी म्हटलं.

"गाडीत त्यांची मुलगी बसणार आहे."

"बसू दे!"

मी ते मनापासून म्हटलं होतं. दादानं निमुळत्या नटांचा डबा उचलून वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही असा ठेवला.

"मग पोलिसांत चल," मी म्हटलं.

"ते म्हणतील, चोर तूच, मी भंगारवाल्याकडून घेतली, मला काय ठाऊक कुणाची. तोंडाला काय, काहीही बोलता येतं. मला त्यांच्या हातून पाहिजे."

हातून म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही. त्याच दुपारी आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी दाराची साखळी न काढताच दादाकडे बघितलं आणि दार लावायला लागल्या. मी फटीत चप्पल घातली. "बाई, तुमची चाकं सापडलीत, आणि ऐकायचं नसेल तर माझा पाय तोडून दार लावा," मी म्हटलं. त्यांनी साखळी काढली.

मागच्या शेडमध्ये गाडी चादरीखाली उभी होती, टायर बसलेले. दादानं जॅक लावला, एक चाक काढलं, पालथं घातलं. खाच होती, जरा बोथट, पण होती. दुसरं काढलं. त्यावरही तीच खाच, त्याच जागी. तिसऱ्यावर, चौथ्यावर. चारींवर एकच तारीख. एका आईची चार पोरं.

"ही खाच माझी," दादा बाईंना म्हणाला. "तुमचं चाक दुरुस्त करताना ग्राइंडर निसटला होता. खाच मी पाडली, चाकं मी नेली नाहीत. साचा काढायला उस्तादांनी चारांतलं सगळ्यांत स्वच्छ चाक निवडलं. माझंच काम निवडलं."

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज कसासाच झाला. मला कळेना याला राग आलाय की आनंद झालाय. बाई खाली बसल्या, चारी चाकांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "आता काय करायचं?"

दादानं सांगितलं. सगळं सांगितल्यावर म्हणाला, "एक धोका आहे. त्यांनी घाव घातलाच, तर तुमचं एक खरं चाक जाईल."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या.

"जाणार नाही. ते चोर आहेत, पण चाक ओळखतात."

दुसऱ्या दिवशी बाईंनी गाडी टोचन करून सकाळीच आमच्याकडे आणली. आम्ही ती मागच्या बाजूला ताडपत्रीखाली झाकली, आणि बाई शेडच्या कोपऱ्यात माझ्या स्टुलावर बसल्या. जावयाला निरोप दिला होता की सासऱ्यांनाही घेऊन या, एकदा त्यांच्या नजरेखालून घालू. न यावं तर संशय, म्हणून उस्ताद आला. काठी टेकत, पण छाती काढून. सोबत त्याची मुलगीही होती. रंगवाला आणि सीटवाला आपापल्या दारात येऊन उभे राहिले. बोट दाखवलं त्या दिवशी रंगवाला त्याच गॅरेजात होता.

जावयानं आणलेली चारी चाकं जमिनीवर पालथी मांडलेली होती. दादानं वाकून नमस्कार केला. मला वाटलं एक लाथ घालावी दोघांनाही.

"उस्ताद, सांगा. ओरिजिनल की नकली?"

"मी दिलेली चाकं आणि मलाच विचारतोस?" उस्ताद हसला. "ओरि..."

तेवढ्यात बाई कोपऱ्यातून उठल्या. उस्तादानं उरलेला शब्द गिळला. इकडे आड, तिकडे विहीर! ओरिजिनल म्हणावं तर समोर बाई उभ्या. भंगारातून घेतली म्हणावं तर जावयाला खोक्यातली म्हणून सांगून बसलेला, आणि भंगारातून घेतली होती तर बाईंना का नाही नेऊन दिली? त्यानं खिशातून रुमाल काढला, मान पुसली, खाली वाकून चाकाला हात लावला.

"नीट बघितल्यावर... नकली वाटतायत," तो म्हणाला. "मलाही कुणीतरी फसवलं म्हणायचं."

जावयाचा चेहरा लालबुंद झाला. मुलगी बापाकडे बघायला लागली. दादानं मात्र शांतपणे मान हलवली.

"नकली. सगळ्यांनी ऐकलं. मग नियम काय, उस्ताद? विकायचं नाही, ठेवायचं नाही." त्यानं भिंतीला टेकलेला घण उचलून उस्तादाच्या हातात दिला. "जावईबापू, परवानगी आहे?"

"फोडा," जावई दात चावत म्हणाला. "चारी फोडा."

दादानं तिसरं चाक अंगणात नेऊन ठेवलं, खाचेची बाजू वर. उस्ताद समोर उभा राहिला. हा बुड्ढा निर्लज्ज निघाला आणि यानं खरंच घाव घातला तर? बाईंचं चाक जाईल, दादाची खाच जाईल, आणि हा काठी टेकत घरी जाऊन जेवेल. मी दादाकडे बघितलं. तो हात पाठीमागे बांधून उभा होता.

उस्तादानं घण उचलला. खांद्यापर्यंत नेला. तिथंच धरला.

"इथं जागा कमी आहे, तुकडा उडेल कुणाच्या डोळ्यात," तो म्हणाला.

आम्ही सगळे मागे सरलो. त्यानं पुन्हा घण उचलला. आयुष्यभर एका घावात स्पोक तोडणारा माणूस, आता घण वर धरून नुसता चाकाकडे बघत होता. घण पुन्हा खाली आला, मातीवर, चाकाच्या बाजूला.

"मारा ना, बाबा," त्याची मुलगी म्हणाली. "नकली आहे ना?"

उस्तादानं घण सोडला, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला आणि पंजा चाकावर पसरला, कुणी मारायला आलं तर लागू नये म्हणून पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

"नाही मारवत," तो म्हणाला. "ओरिजिनल आहे."

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"तुमचं."

"आणि नेली कुणी?" हे दारातून रंगवाल्यानं विचारलं.

उस्तादानं मान वर केली नाही. "मी नेली. विकायची हिंमत झाली नाही, आणि टाकायला हात होईना."

मुलगी वळली आणि रस्त्याकडे चालायला लागली. जावई तिच्या मागे धावला. माझा जीव थंड झाला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! मला आईच दिसत होती, दादाचा हात धरून विचारणारी, आणि हे ऐकायला ती नव्हती. मी उस्तादाला जे जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं एका दमात बोलून घेतलं. ते इथे सांगण्यासारखं नाही. सीटवाला अजून माझ्याकडे आदरानं बघतो.

दादानं मला बोलून संपवू दिलं. मग तो मागे गेला आणि त्यानं ताडपत्री ओढली. फिकट निळी गाडी जॅकवर उभी होती, चारी हब उघडे. लांब मानेचे नट आणि वॉशर तेलात पुसून ताटात मांडलेले होते.

"उस्ताद," तो म्हणाला, "लावा."

उस्तादानं बाईंकडे बघितलं. बाईंनी स्टूल उचललं आणि गाडीच्या शेजारी आणून त्यावर बसल्या. मग तो गुडघे टेकून बसला. चाक उचलून हबवर सरकवलं, ते आपल्या घरी आल्यासारखं अलगद बसलं. आधी सगळे नट नुसत्या बोटांनी फिरवले, मग पान्यानं एक इकडचा, एक समोरचा, असे आवळले. त्याचे गुडघे कडकड वाजत होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. शेवटचा नट आवळून त्यानं पाना खाली ठेवला आणि वर बघितलं.

मी चाक धरून हलवून पाहिलं. जराही हललं नाही. काम चोख होतं, आमच्या शेडमध्ये इतकं चोख काम दादाशिवाय कुणाचं बघितलं नव्हतं. दादा त्याच्या मागे उभा होता, हात पाठीमागे बांधून.

"परत," दादा म्हणाला.

उस्तादानं पाना उचलला आणि पहिला नट सोडवायला घेतला.